डेल्कोला श्वास घेऊ द्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मृगाचा पाऊस जवळ आला की पुण्यात घरोघरी काही ठरलेली कामं निघतात. छत्र्यांच्या काड्या बदलल्या जातात, गच्चीवरच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या जातात. ज्यांच्या दारात जुनी मोटार उभी आहे, ती मंडळी माझ्यासारख्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे येतात. ‘वायपर बघा, हेडलाइट बघा, दाराच्या रबरातून पाणी येतंय ते बघा,’ असं सांगतात. पत्र्याला चढणाऱ्या गंजाची काळजी सगळ्यांनाच असते, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण बॉनेटखाली, एका काळ्या टोपीच्या आत चढणारा गंज कुणालाच दिसत नाही. त्याची आठवण होते ती गाडी ऐन घाटात बंद पडल्यावर. आज मी त्या आतल्या गंजाबद्दल बोलणार आहे.

त्या काळ्या टोपीच्या डब्याचं पुस्तकातलं नाव डिस्ट्रिब्युटर. पण कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, तो ‘डेल्को’ म्हणेल. हे नाव मोठं गमतीदार आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे. तिथे चार्ल्स केटरिंग आणि त्याच्या भागीदारानं ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिची आद्याक्षरं जोडून झालं ‘डेल्को’. केटरिंगनं बॅटरीवर चालणारी इग्निशनची जी पद्धत बसवली, ती १९१० सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर आली. पुढे कंपनीचं नावच वस्तूला चिकटलं. आपण नाही का, कुठल्याही वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणत होतो, तसंच.

आता या डेल्कोचं काम काय, ते थोडक्यात सांगतो. बॅटरीची वीज १२ व्होल्टची. कॉइल तिला पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत चढवते. ही चढवलेली वीज योग्य क्षणी योग्य सिलिंडरच्या प्लगला पोचवायची, हे डेल्कोचं काम. आत एक पोलादी दांडा फिरतो. त्याच्यावर उंचवटे असतात, ते सी. बी. पॉइंट उघड-मीट करतात. दांड्याच्या डोक्यावर रोटर असतो. तो फिरता फिरता टोपीतल्या एकेका टोकासमोरून जातो आणि वीज मधली बारीक फट उडी मारून ओलांडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ६,००० ठिणग्या लागतात. म्हणजे सेकंदाला १००! तळहाताएवढ्या डब्याचं हे काम आहे.

एवढ्यावर भागत नाही. इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पडावी लागते, नाहीतर पेट्रोलचा पूर्ण जोर मिळत नाही. त्यासाठी पॉइंटच्या पाटाखाली दोन पोलादी वजनं आणि दोन नाजूक स्प्रिंगा बसवलेल्या असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगीची वेळ पुढे सरकते. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात. ही वजनं, त्यांच्या खिळी, स्प्रिंगा, मधला दांडा हे सगळं लोखंडाच्या जातीचं. गंज धरतो तो इथे.

‘अहो, पण टोपी तर घट्ट बसलेली असते, मग आत पाणी येतं कुठून?’ असं तुम्ही विचाराल. ते तीन वाटांनी येतं.

पहिली वाट हवेची. इंजिन तापलं की डेल्कोच्या आतली हवा फुगून बाहेर पडते. गाडी बंद करून घरी गेलात की इंजिन निवतं आणि डबा बाहेरची हवा आत ओढतो. गाडी बंद केली की असा एक श्वास घेतला जातो. बाहेरची हवा दमट असेल तर तीच आत शिरते आणि पहाटेच्या गारव्यात धातूवर दवासारखी बसते. स्वच्छ हवेत लोखंड भराभर गंजू लागतं ते साधारण ६० टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा त्या मर्यादेच्या खाली फारशी येत नाही. म्हणून पुण्यात पाऊस मुंबईच्या मानानं कमी पडतो यावर विसंबू नका. आपली ती दिवसभराची भुरभुर लोखंडाला पुरेशी असते.

दुसरी वाट इंजिनाच्या पोटातून येते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ऐकून नवल वाटेल, पण रसायनशास्त्राचा हिशेब असाच आहे. हे पाणी वाफेच्या रूपानं सायलेन्सरमधून बाहेर जातं. त्यातला थोडा अंश पिस्टनच्या बाजूनं निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. डेल्कोचा दांडा खाली इंजिनातच गेलेला असतो. त्याची बुश झिजली असेल किंवा बुडाचं सील कडक झालं असेल, तर ही वाफ दांड्याच्या कडेनं वर चढते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कुणी सांगत नाही. डेल्को स्वतःच आत अ‍ॅसिड तयार करतो. हवेतून ठिणगी उडाली की ऑक्सिजनचा ओझोन होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. त्यांना ओल मिळाली की नायट्रिक अ‍ॅसिड तयार होतं. आकाशात वीज कडाडते तेव्हाही हेच घडतं. तिथे ते पावसाबरोबर शेतात उतरतं आणि पिकाला उपयोगी पडतं. डेल्कोत मात्र ते वजनांवर आणि स्प्रिंगांवर बसतं. बराच वेळ चाललेल्या गाडीची टोपी काढून वास घेऊन बघा. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा एक उग्र वास येईल. तो ओझोनचा. ओझोन हे नावच मुळी ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे.

आता या तिन्ही गोष्टी एकत्र करा. आपल्याकडे पावसाळ्याआधी काय करतात? टोपीभोवती चिकटपट्टी गुंडाळतात. सांध्यावर ग्रीस थापतात. कुणी वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधतं. हेतू चांगला असतो, रस्त्यावरचं पाणी उडू नये हा. पण बहुतेक डेल्कोंना हवा जायला एखादं बारीक भोक किंवा खाच ठेवलेली असते, कधी टोपीत, कधी बुडाशी. ती या बंदोबस्तात बुजते. बाहेरचं पाणी थांबतं, पण आतली ओल, ओझोन आणि अ‍ॅसिडची वाफ आतच कोंडली जाते. म्हणजे चोराला बाहेर ठेवायला दार लावलं आणि चोर घरातच राहिला!

ही चूक आपल्याकडेच होते असं नाही. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं १९९२ च्या कॉर्व्हेट गाडीला एक नवा, प्रकाशकिरणांवर चालणारा डिस्ट्रिब्युटर दिला. त्याचं नाव ऑप्टिस्पार्क. तो बसवला होता इंजिनाच्या पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपाच्या खाली. आतली ओल आणि ओझोन बाहेर काढायची सोय सुरुवातीला नव्हती. आत गंज चढू लागला आणि गाड्या बंद पडू लागल्या. पुढे कंपनीनं रचना बदलली आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमचा उपयोग करून आतली हवा सतत खेळती राहील अशी व्यवस्था केली. एवढ्या मोठ्या कंपनीनं पैसे मोजून घेतलेला धडा आपण फुकट घेऊ शकतो: डेल्कोला श्वास घेऊ द्या.

आता गंज चढला तर बिघडतं काय? लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. वजनाचं भोक आणि त्याची खीळ यांच्यात फट असते केसाएवढी. तिथे गंज फुगला की वजन जाम होतं. ते आत अडकलं तर वेग वाढूनही ठिणगी उशिराच पडते. गाडी ओढत नाही, तापते, पेट्रोल खाते. ते बाहेर अडकलं तर सुरू करताना इंजिन उलटा झटका मारतं आणि चढावर ठकठक आवाज येतो. पॉइंटच्या पाटावर गंज आला तर अर्थिंग नीट मिळत नाही आणि ठिणगी अशक्त होते. नंतरच्या काळात अनेक गाड्यांत पॉइंट गेले आणि चुंबकाचा पिकअप आला. त्याला गंजाची भुकटी चिकटून बसते आणि गाडी मधूनच मिसिंग करते.

अवघड गोष्ट अशी की ही सगळी लक्षणं दुसऱ्या आजारांचीही आहेत. एक उदाहरण सांगतो. कोथरूडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. वडिलांनी १९८० च्या दशकात घेतलेली प्रीमियर पद्मिनी त्यांच्याकडे होती. वडील गेले तेव्हापासून गाडी बहुतेक वेळ पार्किंगमध्ये झाकूनच. कात्रजच्या चढाला ती दम टाकायची, काटा तांबड्यात जायचा. एका गॅरेजनं सांगितलं, ‘इंजिन उतरवावं लागेल, बोअर-पिस्टन करावं लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून घरात ठरलं, गाडी भंगारात द्यायची. भंगारवाला येऊन बघूनही गेला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून ते शेवटचं दाखवायला आले.

मी टोपी काढली आणि रोटर बोटानं फिरवून सोडला. तो होता तिथेच राहिला. पाट काढून बघितलं, तर दोन्ही वजनं तांबूस पापुद्र्यानं जाम झाली होती. सुटे करून साफ केले, तेल दिलं, टायमिंग लावलं. अर्ध्या दिवसाचं काम. दोन दिवसांनी ते गृहस्थ आईला घेऊन त्याच गाडीतून कात्रजचा घाट चढून गेले आणि मला फोन केला. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. चिमूटभर गंजापायी एक चालती गाडी तराजूवर चढणार होती.

म्हणून श्रोतेहो, ही परीक्षा तुम्ही स्वतः शिकून घ्या. किल्ली बंद ठेवा. टोपीच्या दोन क्लिपा सोडवून टोपी बाजूला करा. रोटर ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेला बोटानं हलकेच वळवा. तो थोडासा वळेल. सोडा. चट्कन मागे आला, तर वजनं आणि स्प्रिंगा ठीक आहेत. रेंगाळत आला, किंवा आलाच नाही, तर आत गंज आहे किंवा तेल चिकट झालं आहे. या परीक्षेला एक पैसा लागत नाही.

आता बचावाचे उपाय सांगतो. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, असं वर्षातून दोनदा करायचं.

टोपी आतून-बाहेरून कोरड्या सुती फडक्यानं पुसा. आत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली किंवा तडा दिसला, तर टोपी बदला. त्या रेघेवरून वीज पळते. हवेचं भोक काडीनं मोकळं करा. बुडाची रबरी रिंग कडक झाली असेल तर नवी घाला. प्लगच्या वायरींच्या मुळाशी रबरी बूट नीट बसवा. पाणी अडवायचं ते इथे, भोक बुजवून नव्हे.

मग तेल. रोटर उपसला की दांड्याच्या टोकाला बहुधा नमद्याचा छोटा तुकडा दिसतो. तिथे दोन थेंब पुरेत. पाटाच्या फटीतून वजनांच्या खिळींवर एकेक थेंब. उंचवट्यांवर बोटाच्या टोकानं ग्रीसचा पातळ हात. बस, एवढंच. जास्त तेल फेकलं जातं आणि पॉइंटवर जाऊन जळतं. तेल कुठलं? शिलाई मशीनचं पातळ तेल चांगलं. घरात आहे म्हणून खोबरेल घालू नका. पुण्याच्या थंडीत खोबरेल गोठतं हे तुम्ही न्हाणीघरातल्या बाटलीत रोज बघता. तसंच ते वजनांवरही गोठेल.

थोडा गंज दिसला तर पॉलिशपेपर घेऊन आतल्या आत घासायला बसू नका. त्याची भुकटी टोपीत आणि पिकअपवर बसते. भाग सुटे करा, बाहेर नेऊन घासा, पेट्रोलनं धुवा, पूर्ण वाळवा, मगच तेल देऊन बसवा. पॉइंट साफ करायला बारीक कानस असते, तीच वापरा. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी असते. ती अंदाजानं लावू नका, फिलर गेजनं आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावा.

पाणी हटवणारे स्प्रे बाजारात मिळतात. डब्ल्यूडी-४० हा त्यातलाच. अमेरिकेत १९५३ साली अवकाशयान आणि क्षेपणास्त्रांच्या उद्योगासाठी पाणी हटवणारं रसायन शोधत होते, तेव्हा चाळिसाव्या प्रयत्नात ते जमलं, म्हणून हे नाव. भिजलेल्या टोपीवर ते उपयोगी आहे. पण फवारल्यावर फडक्यानं पुसून, वाफ उडून जाऊ द्या आणि मगच गाडी सुरू करा. पेटणारी वाफ आणि ठिणगी यांची गाठ बंद डब्यात पडू देऊ नये.

पुण्यात पुराच्या पाण्यानं गाड्यांची दैना झालेली आपण पाहिली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. गाडी अशी बुडाली असेल तर किल्ली फिरवायची नाही. आधी बॅटरीची वायर काढायची. डेल्को उघडून आतला चिखल स्वच्छ पाण्यानं धुवायचा, लगेच वाळवायचा आणि त्याच दिवशी तेल द्यायचं. चिखल आत सुकला तर दोन दिवसांत वजनं धरतात. इंजिनात पाणी गेलंय का, हे मात्र मिस्त्रीलाच बघू द्या.

आता उभ्या गाड्यांबद्दल. बरेच जण रोज सकाळी खाली येऊन दोन मिनिटं गाडी चालू करतात आणि बंद करतात. बॅटरी राहावी, इंजिन ‘मोकळं’ राहावं म्हणून. पण मघाशी मी पाण्याचा हिशेब सांगितला तो आठवा. दोन मिनिटांत वाफ तयार होते आणि ती उडून जाण्याइतकं इंजिन तापत नाही. रोज थोडी ओल आत साठवण्याचा हा प्रकार आहे. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा खडकवासल्यापर्यंत जाऊन या. सगळं इंजिन तापेल, आतली ओल निघून जाईल. गाडीवर प्लॅस्टिकचं कापड घालू नका, त्याखाली घाम सुटतो. जाड सुती कव्हर घाला.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर तेल दिल्यावर टोपीत सिलिका जेलची छोटी पुडी ठेवा. आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा: ‘डेल्कोत पुडी आहे, काढल्याशिवाय सुरू करू नये.’ जादा डेल्को कपाटात ठेवलेला असेल, तर तो गंजरोधक कागदात गुंडाळा. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हा कागद चांगला ठाऊक आहे.

हे सगळं आत्ताच का सांगतो? कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईच्या हजारो टॅक्सींमुळे तिच्या सुट्या भागांचा बाजार टिकून होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. अ‍ॅम्बॅसॅडरचं आणि मारुती ८०० चं उत्पादन २०१४ सालीच थांबलं. नव्या गाड्यांत कॉइल थेट प्लगपाशी आली, डेल्को उरलाच नाही. नाना पेठेत पॉइंट किंवा टोपी अजून मिळेल. पण वजनं, स्प्रिंगा आणि दांडा यांसाठी बुधवार-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी लागते, आणि तिथे मिळतो तो डेल्को बहुधा तुमच्यापेक्षा जास्त गंजलेला असतो.

शिवाय २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. गाडीचा मान वाढला हे चांगलंच झालं, पण ती जास्त काळ उभी राहणार हेही त्यात आलं. डेल्कोच्या दृष्टीनं उभी गाडी म्हणजे गंजाला दिलेली सवड. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायच्या आदल्या दिवशी बॉडी चमकवण्यात तुम्ही चार तास घालवता, त्यातली दहा मिनिटं या डब्याला द्या.

आणखी एक विनंती. टायमिंग कानानं ओळखणारे, फिलर गेज हातात धरणारे मिस्त्री कमी होत चालले आहेत. घरातल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी उभं करा, टोपी काढून रोटर वळवायला द्या आणि तो परत येतो का ते त्यांना बघू द्या. पावसाला अजून काही दिवस आहेत. येत्या रविवारी हे काम उरकून घ्या.

नमस्कार.